एकोणतीस जूनची स्लॅब

तुकडा वालाच्या वाफ्यात पडला तेव्हा साल्वू शिक्लूना ओणवा होऊन तण उपटत होता, आणि तो दणका त्याला कानांपेक्षा तळहातांना आधी जाणवला. दोन रोपे मोडली. त्याने वर न बघताच शिवी हासडली, कारण वरच्या मजल्यावरून त्याच्या वाफ्यात जे काही पडते ते नोरीन पॅस्कोचेच असते, हे वीस वर्षांत ठरून गेले होते: कुंड्यांचे पाणी, वाळकी पाने, सिगारेटची थोटके, आणि 'तुम्ही लोक' या दोन शब्दांनी सुरू होणारी वाक्ये. पण हा कुंडीचा तुकडा नव्हता. पंज्याएवढा, एका बाजूने रंग लावलेला, दुसऱ्या बाजूने ओला, काळपट. त्या काळपट बाजूला सळीची खोबण होती आणि खोबणीत गंज होता. साल्वूने तिच्यावर अंगठा फिरवला. गंज तांबडा असता तर त्याने तुकडा कुंपणापलीकडे भिरकावून दिला असता. तांबडा गंज हवेचा, म्हातारपणाचा. तो सळीला सगळीकडून सारखा खातो, फुगवतो, आणि खूप आधीपासून बोंबलून सांगतो. हा हिरवट काळा होता, शेवाळासारखा चिकट. हा एकाच जागी खोल दात रोवतो आणि शेजारची वीतभर सळी कोरी करकरीत ठेवतो. हा मिठाचा गंज. साल्वूने चाळीस वर्षे काँक्रीट ओतले, घोटले, पुढेपुढे दुसऱ्यांचे फोडून दुरुस्तही केले. हे कळायला त्याला प्रयोगशाळा नको होती. मग त्याने वर पाहिले. गॅलरीच्या पोटाला, नोरीनच्या दारासमोर, एक खोक पडली होती आणि तिच्यातून सळी दिसत होती, पेन्सिलीएवढी. त्याने ती बांधली तेव्हा अंगठ्याएवढी होती.

त्याने बांधली होती. ही गोष्ट इमारतीत कोणाला माहीत नव्हती. मेलबर्नजवळच्या आल्टोनाच्या किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड करून उभी असलेली ही आठ फ्लॅटची वीटबंदी इमारत. चार फ्लॅट खाली, चार वर. समुद्राच्या बाजूला बाल्कन्या, मागे अंगणाच्या बाजूला वरच्या चार दारांपुढून जाणारी एकच गॅलरी आणि तिला एकच जिना. बायको गेल्यावर साल्वूने मोठे घर विकून खालचा मागचा फ्लॅट घेतला तेव्हा लोकांना वाटले, म्हाताऱ्याला समुद्र हवा. समुद्र त्याच्या खिडकीतून दिसतही नव्हता. त्याला ही गॅलरी हवी होती. तिच्या सावलीत खुर्ची टाकून बसले की त्याला आपल्या आयुष्यातला एक दिवस डोक्यावर धरल्यासारखे वाटायचे. आता त्या दिवसाने त्याच्या वालात तुकडा टाकला होता. त्याला पहिल्यांदा राग आला तो नोरीनचाच. वीस वर्षे ती त्या स्लॅबवर चौदा कुंड्या मांडून सकाळ-संध्याकाळ पाणी ओतत होती. कोरडे राहिले असते तर ते मीठ झोपून राहिले असते, अजून पन्नास वर्षे; मिठाला जागे करायला पाणी लागते. 'तुमच्या कुंड्या गळतात' असे तो पहिल्या वर्षापासून सांगत होता. ती म्हणायची, 'तुमच्या सशाच्या कालवणाचा वास वर येतो, त्याची तक्रार मी केली का?' केली होती. लेखी.

हातपाय धुऊन तो स्वयंपाकघरात बसला, पण चहा केला नाही. बोटांना त्या गंजाचा वास राहिला होता, आणि वासाबरोबर ती थंडी. एकसष्ट साली माल्टाहून आला तेव्हा त्याला वाटले होते की जून म्हणजे उन्हाळा हे देवाने ठरवलेले आहे. इथे जूनमध्ये सकाळी वाळूचा ढीग वरून कडक व्हायचा, फावडे आपटावे लागायचे. आणि काँक्रीट पकडायचे नाही. बाहेरच्या माणसाला वाटते काँक्रीट ओतले की काम संपले. काम तिथे सुरू होते. ओतल्यावर त्याच्या अंगावर पाणी सुटते, ते पाणी जाईपर्यंत थांबायचे, मग थापी मारायची, पुन्हा थांबायचे, पुन्हा घोटायचे. उन्हाळ्यात दोन तास. मेलबर्नच्या थंडीत आठ, कधी दहा. गुडघ्याखाली फळ्या घेऊन माणसे बसून असायची, आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखी, मधूनमधून बोट खुपसून पाहायची. म्हणून मीठ. त्याचे खरे नाव कॅल्शियम क्लोराइड, पोत्यावर छापलेले असायचे, पण टोळीतले सगळे त्याला मीठच म्हणत. पांढरे पापुद्रे. सिमेंटच्या एका पोत्याला जॅमचा एक डबा भरून, पाण्यात विरघळवून. पाण्याच्या पिंपात ते टाकले की पिंप तापायचे, आणि सात माणसे हातमोजे काढून पिंपाला हात लावून उभी राहायची. त्या क्षणी ते मीठ त्याला आवडायचे. काँक्रीट मग दोन तासांत घट्ट, संध्याकाळी दगड. कोणी म्हणाले नव्हते की हे लोखंड खाते. पोत्यावर छापले असेल. टोळीत पोते वाचणारा विजी एकटा, आणि विजी सोयीपुरते वाचायचा.

विजी त्याचा मेव्हणा, बायकोचा, चेत्ताचा थोरला भाऊ आणि टोळीचा मुकादम. चेत्ताशी लग्न झाले अडुसष्टच्या फेब्रुवारीत. माल्टात जुनी रीत होती, मुलीकडचे लग्नातच नवऱ्याकडून कबूल करून घेत की दरवर्षी इम्नार्याला तिला न्यायचे. इम्नार्या म्हणजे संत पीटर आणि संत पॉलचा सण, एकोणतीस जून. तिकडे ऐन उन्हाळ्यात, झाडाखाली सतरंज्या टाकून सशाचे कालवण, वाइन, गाणी. इथे तो ऐन थंडीत यायचा, पण आल्टोना आणि शेजारच्या सनशाइन उपनगरातली माल्टाची माणसे कोणाच्या तरी शेडमध्ये जमून तो साजरा करायची. लग्नात चेत्ताच्या आईने सगळ्यांसमोर विचारले होते, 'नेशील?' आणि त्याने 'नेईन' म्हटले होते, सगळे हसले होते. आणि त्या पहिल्याच वर्षी, एकोणतीस जूनला, शनिवारी, बिल्डरने गॅलरीची स्लॅब ओतायला लावली. जेवण एक वाजता होते. सकाळी सातला हवा चार अंश. एक डबा मीठ टाकले तरी तीन वाजले असते. पिंपावर साल्वू होता. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि दोन-दोन डबे टाकले. प्रत्येक पोत्याला दोन. विजीला सांगितले नाही, कारण विजी मुकादम होता आणि मुकादमाने हो म्हटले नसते.

त्या दिवशी काँक्रीटला वाफ येत होती. बूट घालून आत उभे राहिले तर पोटऱ्या शेकत होत्या. थापी ओढायला लागली, पकडत चालली होती. माणसे घाबरून पळापळीने घोटत होती, आणि शेवटच्या टोकाला साल्वूच्या थापीखाली ते अक्षरशः हातातून निसटून दगड झाले. त्याला तेव्हा कळायला हवे होते. दोन डब्यांनी एवढे होत नाही. पण बाराला काम संपले होते, पाऊण वाजता तो नळावर मान धूत होता, आणि एकला पाच कमी असताना शेडच्या दारात निळा स्वेटर घातलेली चेत्ता उभी होती, हात कमरेवर, तो येणार नाही अशी खात्री धरून रागावलेली. तो दिसला तेव्हा तिचा चेहरा जसा झाला, तसा चेहरा पुढच्या बत्तीस वर्षांत तिने त्याला परत दाखवला नाही. भांडणे झाली, तीन मुले झाली, एक गेले, ऑपरेशनात तिची छाती कापली. पण कुठल्याही वाईट दिवशी तो तिला म्हणू शकत होता, 'पहिल्या इम्नार्याला आलो होतो की नाही?' आणि ती म्हणायची, 'आला होतास बाबा, आला होतास.' त्याच्याजवळ एवढेच जमा होते. बाकीच्या वर्षांत तो विशेष चांगला नवरा नव्हता.

त्याने विजीला फोन लावला. विजी सत्त्याऐंशीचा, सनशाइनमध्ये लेकीकडे, कान जवळजवळ गेलेले, जीभ शाबूत.

"कोण मेलं?" विजी म्हणाला.

"कोणी नाही अजून. आल्टोनाची मागची गॅलरी आठवते? इम्नार्याच्या दिवशीची?"

"न आठवायला काय झालं. त्या दिवशी तू माझ्या बहिणीसमोर शेपूट हलवत आला होतास."

"ती सुटायला लागलीय. मिठाचा गंज. विजी, मी त्या दिवशी दोन-दोन डबे टाकले होते."

 पलीकडे विजी हसायला लागला, आणि ते हसणे खोकल्यात गेले.

"काय झालं?"

"अरे गाढवा, मी पण टाकत होतो. मिक्सरमध्ये, सुकंच. पोत्याला एक. मला वाटलं तू नेमानं एकच टाकतोयस. चेत्तानं आदल्या दिवशी मला दम दिला होता, माझा नवरा एक वाजता आला नाही तर तुझ्या घरी पाऊल ठेवणार नाही."

"म्हणजे तीन."

"तीन. म्हणूनच ती थापी चिकटत होती. आईशप्पथ, मला वाटलं होतं सिमेंटच वाईट." विजी पुन्हा गंभीर झाला. "आता गप्प बसायचं. एक्कावन्न वर्षं झाली. बिल्डर मेला, पाच जण मेले. समुद्रावरची इमारत आहे, समुद्राचं नाव घेतील. तू कशाला त्यात चेत्ताचं नाव घालतोस?"

"चेत्ताचं कोण घालतंय?"

"इतकं मीठ का टाकलं विचारतील की. काय सांगशील, भूक लागली होती?"

बुधवारी बाल्कन्यांच्या दुरुस्तीसाठी इमारतीच्या समितीने बोलावलेली इंजिनिअर आली. थाओ नावाची, तिशीची, कमरेला हातोडी लावलेली. साल्वूला ती हातोडी बघून बरे वाटले आणि तिच्या हातातला कागद बघून वाईट. कागदावर समुद्राकडच्या बाल्कन्यांना लाल खुणा होत्या. मागच्या गॅलरीवर काहीही नव्हते. इमारतीची माणसे अंगणात जमली, सहा-सात जण, वालाच्या वाफ्याजवळ उभी. नोरीन मात्र खाली आली नाही. ती समितीची प्रमुख होती आणि प्रमुखाने वरून बोलायचे असते असे तिचे मत असावे. ती गॅलरीच्या कठड्यावर कोपरे टेकून, दोन्हीकडे सात-सात कुंड्या, अशी उभी होती, बरोबर त्या खोकेच्या वर. थाओ सांगत होती की खारा वारा आत शिरतो, सळी गंजते, वाईट काँक्रीट काढून नवे भरायचे, वर लेप लावायचा. मागची बाजू वाऱ्यापासून आडोशाला आहे, तिची काळजी नाही. साल्वूला तिचे वाक्य बरोबर आहे हे कळत होते आणि त्यामुळेच ते असह्य होत होते. बाहेरून आलेले मीठ असेल तर ठिगळ टिकते. मीठ आतच कालवलेले असेल तर ठिगळाच्या कडेला, नव्या जागी, ते दुप्पट खाते. तो बोलायचे ठरवून आला नव्हता. तो न बोलायचे ठरवून आला होता.

"मागची बघा," तो म्हणाला.

"झालं सुरू," वरून नोरीन म्हणाली. "थाओ, हे मिस्टर शिक्लूना. हे आता कुंड्यांवर येतील."

"कुंड्या काढा तिथनं. आणि तुम्ही पण बाजूला व्हा."

लोक हसले. खालच्या फ्लॅटमधला एक जण तर तोंड वळवून हसला. साल्वूने त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिले आणि त्याला उमगले की वीस वर्षे तो जे बोलत होता त्याने आज त्याचा गळा धरला आहे. कुंड्या काढा, हे वाक्य त्याने इतक्या वेळा, इतक्या द्वेषाने म्हटले होते, की आता ते खरे झाले तरी कोणाला खरे वाटणार नव्हते. त्याने बोट वर करून खोक दाखवली. थाओने मान उंचावली. "लहान आहे," ती म्हणाली, "पण यादीत घालते."

"यादीत नको घालू पोरी. हातोडी मार."

"वर रंग लावायच्या वेळी यांनीच शिडीनं ठोकलं असेल," नोरीन म्हणाली. "सूड म्हणून. तुम्ही लोक काय कराल नेम नाही."

"तुम्ही लोक! आम्ही लोकांनीच बांधलीय ही!" तो ओरडला, आणि मग थांबता येईना. त्याला स्वतःचाच आवाज परका वाटत होता, चढलेला, कडवट, जणू तो कबुली देत नसून आरोप करत होता. "मी बांधलीय. या हातांनी. अडुसष्ट साली, एकोणतीस जूनला. या टोकापासून जिन्यापर्यंत, एका दिवसात. एका पोत्याला एक डबा मीठ टाकायचं असतं, मी दोन टाकले आणि माझ्या मेव्हण्यानं एक. मीठ, कॅल्शियम क्लोराइड, लवकर सुकावं म्हणून. ते आत आहे, समजलं? समुद्र मागून नाही येत, समुद्र आम्हीच आत घातला. आणि ही बाई वीस वर्षं त्याला पाणी पाजतेय."

अंगणात कोणी हसले नाही. थाओच्या हातातला कागद खाली गेला होता.

"तीनपट?" ती म्हणाली. "का?"

साल्वूने तोंड उघडले. भूक लागली होती, असे म्हणता आले असते. बिल्डरची घाई होती, असेही. बिल्डर मेला होता. ओठांवर ते आलेही. पण ही पोरगी त्याच्याकडे हिशेब तपासणाऱ्यासारखी बघत नव्हती, त्या कामातल्या माणसासारखी बघत होती, जो बोट खुपसून बघतो आणि मग ठरवतो. खोट्याला एक पोकळ आवाज असतो. हातोडी कमरेलाच राहिली तरी तो तिला ऐकू आला असता.

"सण होता," तो म्हणाला. "बायकोला नेईन म्हणून सांगितलं होतं. एक वाजता."

आणि म्हटल्याबरोबर तो दिवस त्याच्यापासून निघाला. आवाज न होता. शेडच्या दारातली चेत्ता तिथेच होती, निळा स्वेटर, कमरेवर हात. पण आता तिच्या चेहऱ्यावरचे ते हसू कशाने आणले होते हे सात माणसांना माहीत होते, आणि ती माणसे त्याच्या चेत्ताकडे बघत होती. त्याला त्या सगळ्यांचा तिरस्कार वाटला.

थाओ जिन्यावरून वर गेली, दोन पायऱ्या राखून थांबली, आणि वाकून स्लॅबच्या कडेवर हातोडी मारली. टण्. टण्. मग आणखी पुढे, हात लांबवून. धब. साल्वूने डोळे मिटले. धब. धब. दाराच्या दिशेने सगळीकडे धब, कोणी रिकाम्या पेटाऱ्यावर मारावे तसे. ती जिना उतरून अंगणात आली आणि बोलताना तिचा आवाज वेगळा होता.

"मिसेस पॅस्को, कठड्यापासून मागे व्हा. हळू. बाकीच्यांनी अंगण सोडा, सगळ्यांनी, आत्ता. मी अग्निशमनवाल्यांना फोन करते. मिसेस पॅस्को, तोपर्यंत तुम्ही घरात थांबा."

"माझं दार या गॅलरीतच उघडतं," नोरीन म्हणाली. "आणि घरात थांबले तर वर काय आहे? छतही यांनीच ओतलंय?"

"छत लाकडी आहे," साल्वू म्हणाला.

"मी थांबणार नाही." पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. "मी इथं थांबणार नाही." तिने एक पाऊल जिन्याकडे टाकले, गॅलरीच्या मधोमध, आणि साल्वूला खालून दिसले की खोकेच्या कडेने धूळ गळली, चाळणीतून पीठ गळावे तशी.

"थांब!" तो किंचाळला. "मध्ये नको! भिंतीला लाग! नोरीन, भिंतीला लाग!"

ती भिंतीला चिकटली. वीस वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. थाओ त्याला दंडाला धरून मागे ओढत होती. त्याने तिचा हात झटकला आणि जिना चढू लागला. गुडघे वाजत होते. वरच्या पायरीवर उभे राहून त्याने गॅलरीकडे पाहिले, आणि त्याला रंगाखालचे, घोटलेल्या थराखालचे सगळे दिसू लागले, जाळी, गाठी, खालचे बीम. हातांना आठवत होते, डोके फक्त ऐकत होते.

"खाली बीम आहेत, आडवे," तो म्हणाला. "ते आदल्या गुरुवारी ओतलेले. त्यांत मीठ नाही. एक तुमच्या दाराखाली, तिथं उभ्या आहात. दुसरा त्या गॅसच्या मीटरखाली. तिसरा इथं, जिन्याला. मधली स्लॅब भिंतीत नऊ इंच शिरलीय. पाठ भिंतीला लावा, टाचा भिंतीला, आणि सरका. पाऊल उचलायचं नाही."

"तुझ्यावर विश्वास ठेवू?"

"ठेवू नका. सरका."

"म्हाताऱ्या डुकरा, तू माझ्या डोक्यावर हे ठेवलंस आणि वीस वर्षं खाली बसून सशाची तंगडी चोखत होतास!"

"वर नाही, खाली. पायाखाली. सरका."

ती सरकली. एका हाताने विटांच्या सांध्यांत नखे रुतवत, दुसरा हात पोटावर. प्रत्येक वितीला ती त्याला शिव्या देत होती, त्याच्या देशाला, त्याच्या सणाला, आणि एकदा चेत्तालाही, आणि तो प्रत्येक शिवीला नुसता 'सरका' म्हणत होता. मीटरपाशी ती थांबली. तिचे ओठ पांढरे पडले होते. कुंड्यांपैकी एक, कडेची, किंचित बाहेर कलली होती. ती आधीपासून कललेली होती की आत्ता कलली, हे कोणी सांगू शकले नसते.

"पुढं येता येत नाही मला," नोरीन म्हणाली.

"येतं. नऊ फूट आहे. मोजलंय मी."

"तू मोजलंयस म्हणूनच येत नाही!"

 त्याने पाठ भिंतीला लावली, टाचा भिंतीला भिडवल्या आणि जिन्याचा बीम सोडून तो स्लॅबवर सरकला. खालून थाओ ओरडली. पायाखाली त्याला काहीच जाणवत नव्हते, ना ऊब, ना थरथर. साधी थंड स्लॅब, नीट घोटलेली, आजही पातळीत. चांगले काम होते. तो चार फूट सरकला आणि त्याने हात लांब केला. नोरीनने आधी हाताकडे पाहिले, मग त्याच्या तोंडाकडे, आणि मग तो मनगटापाशी इतक्या जोरात पकडला की नखे आत गेली. दोघे भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखे, जिन्याकडे सरकू लागले. मध्येच खाली वाफ्यात काहीतरी जड पडले. दोघांनीही खाली पाहिले नाही.

जिन्याच्या कठड्याला तिचा हात लागला तेव्हा ती रडत होती आणि त्यामुळे आणखीच चिडली होती. ते खाली उतरले, अंगण ओलांडून कुंपणाबाहेर रस्त्यावर आले, जिथे थाओने सगळ्यांना उभे केले होते. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. कोणी त्याच्याकडे पाहिले नाही.

"उद्या मी वकिलाकडे जाणार," नोरीन म्हणाली. "तुम्ही काय केलंत ते सगळं लिहून देणार आहात. तारखेसकट."

"देईन."

"आणि बायकोचंही."

"तिचंही."

"आता हात सोडा माझा."

"तुम्हीच धरलाय," साल्वू म्हणाला.

तिने खाली पाहिले. तिची बोटे त्याच्या मनगटावर तशीच घट्ट होती, पांढरी पडलेली, आणि ती उघडायला तिला बराच वेळ लागला.